हा आवाज कुठेतरी ऐकलाय!

परवा एका नव्या लेखकाची कादंबरी वाचत होते. सात-आठ पानं झाली आणि वाक्याच्या शेवटी 'वगैरे' आलं. पुढच्या पानावर पुन्हा. मग नायक स्वतःच्याच दुःखाबद्दल तिऱ्हाइतासारखा बोलायला लागला, तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, सांगवीकर, तुम्ही इथे कुठे? १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी आली, तेव्हापासून तिचा नायक, हा पांडुरंग सांगवीकर, किती जणांच्या लेखणीत बिऱ्हाड करून गेला असेल! नेमाड्यांकडे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांना काम आहे. गंभीर काही बोलून झालं की त्यातली हवा काढायची. या नव्या कादंबरीत फुगाच नव्हता, नुसती टाचणी होती.

तुम्हाला कधी एका लेखकात दुसरा ऐकू आलाय? चोर पकडायचा हेतू नाही. कान कसे टवकारले गेले, तेवढं सांगा.

*

माझं उलटं झालं. मी चेला आधी वाचला आणि गुरू नंतर. शाळेत असताना गडकऱ्यांचं 'बाळकराम' हाती लागलं. ठकीच्या लग्नाची ती खटपट वाचून पोट दुखेपर्यंत हसलो होतो. बऱ्याच वर्षांनी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' मिळाले. सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या. पंधरा पानांत मनात आलं, हे तर गडकऱ्यांसारखं लिहितात की! वर थोडे फिकेही वाटले, खोटं कशाला बोलू. गडकरी त्यांना गुरू मानत, हे परीक्षेपुरतं पाठ होतं. पण कान काही इतिहासाचं ऐकत नाहीत. नातू आधी ओळखीचा झाला की आजोबांचं नाक नातवासारखं दिसतं, तशातली गत. आजही कोल्हटकर उघडले की पहिली दोन पानं तेच नक्कल करताहेत असं वाटतं. मग लाज वाटते आणि वाचन नीट सुरू होतं.

*

वरच्यांना अनुमोदन. मी अत्र्यांची 'झेंडूची फुले' आधी वाचली. त्यामुळे केशवसुतांची 'आम्ही कोण?' आजतागायत गंभीर चेहऱ्याने वाचता आलेली नाही. विडंबनकाराइतका दुसऱ्याची शैली पकडणारा वाचक नसेल.

*

नारायण धारपांच्या गोष्टींवर आमची अख्खी पिढी घाबरून झोपली. पुढे इंग्रजी वाचायला लागल्यावर स्टीफन किंगचा 'स्केलेटन क्रू' हा १९८५चा कथासंग्रह घेतला. त्यात 'ग्रॅमा' नावाची कथा आहे: घरात एकटा पोरगा आणि अंथरुणाला खिळलेली आजी. चौथ्या पानावर अंगावर काटा आला, पण भीतीने नव्हे. अरे, ही तर धारपांची आजी! म्हणजे तिथली इथे आली होती. २०१८मध्ये 'तुंबाड' हा चित्रपट पाहताना तीच म्हातारी तिसऱ्यांदा भेटली.

सुरुवातीला फसवल्यासारखं वाटलं, चिडलोही. नंतर दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या. कथानक उसनं आहेच, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण धारपांचा तो शांत, हिशेबनीस माणसासारखा आवाज, आधी सगळं व्यवस्थित नोंदवणारा आणि मग एकदम गप्प होणारा, तो किंगचा नाही. किंग बडबड्या आहे. मुळाचा ऋणनिर्देश हवाच, यावर मात्र मी ठाम आहे.

*

सावध राहा, कधीकधी तिसराच माणूस बोलत असतो. दोन वेगळ्या देशांतल्या लेखकांची मराठीतली पुस्तकं पाठोपाठ वाचली आणि मित्राला छातीठोकपणे सांगितलं, दुसऱ्यावर पहिल्याचा दाट प्रभाव आहे. दर परिच्छेदात तेच 'खरं तर', तेच अर्धवट सोडलेलं वाक्य! मित्राने मुखपृष्ठ उलटून आतलं पान दाखवलं. अनुवादक एकच.

पण प्रभाव अनुवादाच्या वाटेनेही येतो. जपानी कादंबरीकार हारुकी मुराकामींनी अमेरिकन लेखक रेमंड कार्व्हरच्या कथा जपानीत नेल्या. एखाद्याचं वाक्य न् वाक्य स्वतःच्या भाषेत उतरवायचं म्हणजे त्याच्या चपला घालून चालणं, थोडी चाल अंगात राहणारच. शिवाय आपल्या पहिल्या कादंबरीची सुरुवात त्यांनी आधी इंग्रजीत लिहून मग जपानीत आणली होती. तोकडी, साधी वाक्यं त्यातून आली, असं ते स्वतःच सांगतात.

*

मर्ढेकरांचा पहिला कवितासंग्रह 'शिशिरागम' (१९३९) मी त्यांच्याच 'काही कविता'नंतर वाचला आणि दुकानदाराने चुकीचं पुस्तक दिलं की काय असं वाटलं. त्यात रविकिरण मंडळ या कवींच्या गटाचा, विशेषतः माधव जूलियनांचा सूर स्पष्ट आहे. 'काही कविता' १९४७ची. आठ वर्षांत उसना सूर पार गळून पडला. मला हे वाचून फार धीर आला, कारण माझ्या वहीत अजून तीन-चार कवी ठाण मांडून बसलेत.

*

लेखकांचं राहू द्या, माझंच सांगते. एका महिन्यात जी. ए. कुलकर्णींच्या नियतीने भारलेल्या कथा सलग वाचत होते, रोज रात्री एक कथा. त्याच महिन्यात ऑफिसात रजेचा अर्ज लिहिला. घरी नळाचं काम काढलं होतं, एवढंच कारण. लिहिता लिहिता त्यात 'नियती' आली, एक उपमाही आली, आणि मला त्याचा पत्ता नाही. अर्ज परत आला तेव्हा खाली साहेबांचा शेरा होता: 'कारण समजले नाही. रजा मंजूर.'