चीनमध्ये कसेल त्याला जमीन मिळाली, मग दहा वर्षांत उपासमार कशी?

पेठेतली_अभ्यासिका:
सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासगटात यावर दोन दिवस वाद चाललाय. नोट्समध्ये एका पानावर १९५० चा जमीन सुधारणा कायदा, शेतकऱ्याला जमीन मिळाली वगैरे. पुढच्याच पानावर १९५९ ते ६१ चा भीषण दुष्काळ. जमीन हातात आलेला माणूस उपाशी कसा मरेल? आणि सामूहिक शेती तर व्हिएतनामातही होती, तिथे एवढं का झालं नाही? जाणकारांनी जरा आकड्यांसकट सांगा.

गुंठा_आणे:
तुमच्या नोट्समधलं मधलं पान गळलंय. जमीन वाटणं आणि वाटलेली जमीन एकत्र करणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि चीनने ती सहा-सात वर्षांत पाठोपाठ केली.

वाटप खरंच मोठं होतं. सुमारे ३० कोटी लोकांना ७० कोटी मू. एक मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे, म्हणजे माणशी जेमतेम १५ गुंठे. जमीनदारांना मोबदला नाही, उलट गावसभेत उभं करून जाहीर झडती. त्यात लाखो मारले गेले. एवढ्याशा तुकड्यावर बैल परवडत नाही, म्हणून आधी पाच-दहा घरांचे 'परस्पर मदत गट' केले. आपल्याकडच्या इर्जिकीसारखंच, इथवर कुणाची तक्रार नव्हती. मग २०-३० घरांची सहकारी संस्था. यात जमिनीचा खंड सभासदाला मिळायचा. १९५६ मध्ये संस्था शे-दोनशे घरांची झाली आणि खंड बंद. मालकी तिथेच संपली. ऑगस्ट १९५८ नंतर काही महिन्यांत अशा अनेक संस्था एकत्र करून कम्यून, सरासरी पाच हजार घरांचा एक.

आता पोट कुठे मारलं गेलं ते बघा. सरकारी धान्यखरेदीची सक्ती १९५३ पासूनच होती. १९५८ चं पीक सुमारे २० कोटी टन, पण वरपर्यंत पोचलेला आकडा ३७.५ कोटी टन. प्रत्येक पातळीवर शेजारच्या कम्यूनपेक्षा मोठा आकडा सांगायची चढाओढ. १९५९ मध्ये पीक १७ कोटींवर घसरलं, तरी वसुली झाली ६.७ कोटी टन, जवळपास ४० टक्के. त्यातलं काही गावांना परत विकलं, पण बियाणं आणि जनावरांचा दाणा वजा जाता माणसाच्या ताटात काय पडलं असेल याचा हिशोब करा. त्याच वर्षी सुमारे ४२ लाख टन धान्य निर्यातही झालं.

पीक घसरलं त्यालाही कारणं आहेत. ऐन सुगीत कोट्यवधी माणसं सरकारी मोहिमेतल्या गावोगावच्या पोलादाच्या भट्ट्यांवर आणि कालव्यांवर. पीक शेतातच झडलं. रोपं खेटून लावायचा हुकूम आला, वारा-ऊन मिळेना, रोपं कुजली. नांगरट इतकी खोल की खालची नापीक माती वर. आणि सार्वजनिक भोजनालयं: घरातल्या कढया भट्टीत वितळवल्यामुळे मेसची चूल विझली की घरी शिजवायलाही भांडं नाही.

चिमणराव_२:
चिमण्या मारल्या म्हणून दुष्काळ पडला, असंच सगळीकडे वाचतोय की.

गुंठा_आणे:
चिमण्यांची गोष्ट सांगायला सोपी, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरते. मोहीम झाली, किडी वाढल्या, १९६० मध्ये मारायच्या उपद्रवी जिवांच्या यादीतून चिमणी काढून ढेकूण घातला. पण कीड वसुलीचा आकडा ठरवत नाही. जुलै १९५९ मध्ये लुशानच्या बैठकीत संरक्षणमंत्री फंग दहुआय यांनी माओंना पत्र लिहून चुका दाखवल्या. त्यांनाच काढलं, आणि खाली कुणाची खरा आकडा सांगायची छाती झाली नाही. माझ्या मते उत्तराचा गाभा इथे आहे.

दुसरं म्हणजे हुकौ, म्हणजे घराच्या पत्त्याची सरकारी नोंद. जानेवारी १९५८ च्या नियमांनी गावकऱ्याला परवानगीशिवाय शहरात जाता येईना, आणि शहरात रेशन फक्त तिथल्या नोंदीवर. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली, सुकडी खाल्ली, पुण्या-मुंबईला आली. तिथे रस्त्यावरच अडवत होते. मृतांचा एकच आकडा लिहू नका; अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत.

लाल_नदी:
व्हिएतनामचं मी सांगतो. १९५३ ते ५६ ची जमीन सुधारणा तिथेही रक्तरंजित होती, हजारो मेले. फरक असा की १९५६ मध्ये सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाने चूक जाहीर कबूल केली आणि सरचिटणीस चुओंग चिन्ह यांना पद सोडावं लागलं. सहकारी संस्था आल्या तरी प्रत्येक घराला 'पाच टक्के जमीन' परसबागेसाठी राहिली. भाजी, डुक्कर, कोंबडी तिथूनच. चिनी कम्यूनने १९५८ मध्ये नेमकी हीच पट्टी काढून घेतली होती.

पुढचं बारकाईने वाचा, प्रश्न येऊ शकतो. जानेवारी १९८१ च्या पक्षाच्या शंभर क्रमांकाच्या निर्देशाने भातशेतीची कामं वाटली: नांगरट, बियाणं, पाणी, खत, औषध संस्थेकडे, लावणी, निंदणी-राखण, कापणी घराकडे. ठरलेल्या कोट्यावरचं पीक घराचं. दोन-तीन वर्षं उत्पन्न वाढलं, मग संस्था कोटाच वाढवत गेल्या आणि घराकडे जेमतेम पाचवा हिस्सा उरू लागला. लोकांनी खत आखडलं, काहींनी जमीन परत केली. १९८८ च्या पक्षाच्या दहा क्रमांकाच्या ठरावाने जमीन पंधरा वर्षांसाठी घराला दिली, कोटा स्थिर केला. १९८९ मध्ये तोच देश सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात करत होता.

कंबोडिया या तुलनेत घेऊ नका. तिथे एप्रिल १९७५ मध्ये शहरंच रिकामी केली, चलन रद्द केलं आणि हेक्टरी तीन टन भाताचं लक्ष्य ठेवलं. आधीचं उत्पन्न टनाच्या आसपास होतं.

पेठेतली_अभ्यासिका:
मधलं पान सापडलं, आभार! कूळकायद्याशी तुलना केली तर चालेल ना? आणि समाजावरच्या परिणामांत काय घालू?

गुंठा_आणे:
चालेल, पण नीट करा. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कूळ मालक मानलं गेलं, पण किंमत भरून: आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) २० ते २०० पट, हप्त्याने. बंगालमध्ये १९७८ पासून ऑपरेशन बर्गा. तिथे मालकी न देता बटाईदाराची नोंद केली. बियाणं-खत-बैल मालकाचे नसतील तर ७५ टक्के पीक बटाईदाराचं. दोन्हीकडे जमीन पुढे सामूहिक झाली नाही, हे लिहायला विसरू नका.

समाजासाठी चीनचा १ मे १९५० चा विवाह कायदा घ्या: मुलीचं वय १८, मुलाचं २०, घटस्फोट दोघांना, विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक. आणि त्याच्याच शेजारी सामूहिक शेतीतले कामाचे गुण ठेवा, ज्यांवर घराचा वाटा ठरायचा. दिवसभर राबलेल्या पुरुषाला १०, बाईला बहुधा ६ ते ८.