जुना रस्ता तरी फुकट कुठे आहे?
टोलवरच्या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, 'टोल परवडत नसेल तर जुन्या रस्त्यानं जा.' अहो, जायचं कुठून? आम्ही बडोद्याचे. अहमदाबादचा ९३ किलोमीटरचा एक्सप्रेसवे टोलचा, आणि जुन्या हायवेवरही वासदला नाका आहेच. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलच्या २००८च्या नियमांत रस्त्याचा खर्च वसूल झाल्यावर टोल ४० टक्क्यांवर आणायची तरतूद होती. २०२३ मध्ये तीही काढली. म्हणजे रस्त्याचे पैसे फिटले तरी आपली सुटका नाही!

परवा एका नाक्यावर फास्टॅग वाचलाच जाईना. पोरगा हातातलं मशीन काचेवर फिरवतोय, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत, शेजारी काकू शांतपणे चकली पुढे करतायत. घरी येऊन बघतो तर पैसे दोनदा कापलेले. परत मिळवायला तीन आठवडे फोन करत होतो.