तारखेच्या व्हिडिओवरून घरच्या ग्रुपवर

रोहन: जय ख्रिस्त सगळ्यांना. काल टाकलेला व्हिडिओ बघितला का? युद्धं, भूकंप, युपीआय, सगळं बायबलच्या शेवटच्या पुस्तकाशी, प्रकटीकरणाशी जुळवून दाखवलंय. प्रभू परत येण्याची तारीखही दिलीय. मी तर खराडीच्या फ्लॅटचं बुकिंग रद्द करावं म्हणतोय. एवढं कर्ज डोक्यावर घेऊन करायचंय काय?

मामी: अरे, ते बघून आमची छोटी रात्रभर झोपली नाही. सारखी उठून विचारत होती, मम्मी, तू वर गेलीस आणि मी इथेच राहिले तर?

नानाकाका: रोहन, पोरं आईच्या फोनवर हा ग्रुप बघतात. आधी तो व्हिडिओ डिलीट कर.

रोहन: केला काका. पण म्हणजे द्वितीयागमन खोटं असं नाही ना?

आत्या: खोटं कोण म्हणतंय! जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार, हे दर रविवारी आपण उभं राहून म्हणतोच की. पण तारखेच्या नादी लागू नकोस. तो दिवस देवदूतांनाही ठाऊक नाही, हे प्रभूने स्वतः सांगितलंय, मत्तय २४ मध्ये. तरी माणसं गणितं मांडतात. अमेरिकेत विल्यम मिलरचं ऐकून हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट बघत होते. काहींनी पीक तसंच शेतात सोडलं. २०११ मध्ये हॅरल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून २१ मे सांगितली, तर लोकांनी जमवलेला पैसा जाहिरातींत घातला. मला त्या लोकांचा राग नाही येत, जीव तुटतो.

रोहन: मग भविष्यवाणी दिलीय कशासाठी?

आत्या: आज कसं वागायचं ते कळावं म्हणून. थेस्सलनीका शहरातल्या पहिल्या काळच्या ख्रिस्ती मंडळीत अशीच हूल उठली होती, प्रभूचा दिवस आलाच म्हणून. त्याच मंडळीत काही जण कामधंदा सोडून नुसत्या उठाठेवी करत होते. प्रेषित पौलाने त्यांना पत्रात काय लिहिलं? ज्याला काम नको त्याने खाऊही नये. त्यांनाच लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आधी सांगतो, शांतपणे राहा, आपल्या हातांनी काम करा. त्याच अध्यायात पुढे कर्णा वाजून प्रभू उतरण्याचं वर्णन आहे. आणि अध्याय संपतो कशावर? या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. ज्या वचनांनी धीर द्यायचा, त्यांनीच आपण पोरीला रडवलं.

आणि याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढा. शेवटच्या दिवसांत धन साठवणाऱ्यांना खडसावताना तो लगेच येतो मजुरांच्या अडकवलेल्या मजुरीवर. त्यांचा आक्रोश देवाच्या कानी गेलाय म्हणतो. चार वचनं पुढे, प्रभूचं येणं जवळ आलंय. हे वाचलं की मला आमच्या बिल्डिंगमधल्या भांडीवाल्या ताई दिसतात. दहा तारीख उलटते, त्या जिन्यात उभ्या राहून पगार मागतात, आणि आतून आवाज येतो, उद्या या. तो पगार वेळेवर देणं ही प्रभूच्या येण्याची तयारीच आहे, असं मी मनापासून मानते.

मामी: अगदी खरं वन्सं.

रोहन: आणि ६६६? प्रकटीकरणातला तो श्वापदाचा आकडा, ज्याच्या खुणेशिवाय खरेदी-विक्री करता येणार नाही?

आत्या: प्रकटीकरण आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं आहे. तिथे प्रश्न उपासना कोणाची करायची हा आहे. युपीआयने भाजी घेतल्याने काही होत नाही.

नानाकाका: दुष्काळ आणि साथी तर पुण्याने १८९६-९७ मध्येच बघितल्या. तेव्हा पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळातून मुली घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना विणकाम, शेती, छापखाना शिकवला. जन्मभर पुरेल असं काम त्या मुलींच्या हाती दिलं.

आता फ्लॅटचं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २८ आणि २९ अध्याय लागोपाठ वाच. हनन्या नावाचा खोटा संदेष्टा सांगत होता, बाबेलला कैद करून नेलेले दोन वर्षांत सगळे परततील. लोकांना ते गोड लागलं असणार. यिर्मयाने मात्र बाबेलला नेलेल्यांना पत्र धाडलं, सत्तर वर्षं लागतील. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहराचं भलं बघा. तेव्हा बुकिंग रद्द करायचं की नाही, हे हप्ता झेपतो का यावर ठरव.

मामी: छोटीला आज ते सांत्वनाचं वचन पाठ करून घेते. आत्याच्या तोंडून ऐकायचंय म्हणते, रात्री फोन लावू का?

आत्या: लाव गं, नऊनंतर. मी जागीच असते.

रोहन: काका, हप्ता पगाराच्या निम्म्याच्या वर जातोय. संध्याकाळी कागद घेऊन येऊ?

नानाकाका: सहानंतर ये. पगाराच्या स्लिपा आण, आणि बिल्डरने दिलेलं वेळापत्रक पण.