मुरमाड टेकडीवरील रोपांना मायकोरायझा केव्हा आणि कसा द्यावा?

टेकडीवरचा करंज (इंदूर)

नमस्कार. शहराच्या वेशीबाहेरील एका मुरमाड उतारावर आमच्या वसाहतीतील आठ-दहा कुटुंबांनी मागील पावसाळ्यात कडुनिंब, करंज आणि आवळ्याची साठ रोपे लावली. आठवड्यातून एकदा टँकरचे पाणी देऊनही एप्रिल-मेच्या उन्हात त्यांतील तेवीस वाळली. एक वाळलेला करंज उपटून पाहिला, तेव्हा दहा महिन्यांनंतरही त्याची मुळे नर्सरीच्या पिशवीच्या आकारातच वेटोळे घालून बसलेली दिसली. एकही मूळ बाहेरच्या मुरमात शिरले नव्हते. आता एका नर्सरीवाल्यांनी खड्ड्यात मायकोरायझाची, म्हणजे मुळांच्या सोबतीने जगणाऱ्या बुरशीची, भुकटी टाकण्यास सुचवले आहे. या बुरशीमुळे अवर्षणात रोप खरोखर तगते का, आणि तिच्यासोबत नेहमीप्रमाणे डीएपी हे स्फुरदयुक्त खत टाकलेले चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

काळी माती

आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या उपटलेल्या करंजातच आहे. मायकोरायझा पाणी निर्माण करत नाही, तर मुळाची पोहोच वाढवतो. त्याचे तंतू मूलरोमांपेक्षाही बारीक असल्यामुळे, जिथे मूळ शिरू शकत नाही अशा मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांत ते शिरतात. शिवाय कोरड्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ जागचा हलत नाही. मूळ आपल्याभोवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधला साठा संपवून उपाशी राहते, तर हे तंतू काही सेंटिमीटर अंतरावरून स्फुरद आणून देतात. मोबदल्यात झाड आपण तयार केलेल्या साखरेचा काही भाग बुरशीला देते.

म्हणूनच डीएपी टाकू नये. स्फुरद मुबलक मिळाला की झाड ही भागीदारी आवरती घेते. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशकही त्या सुमारास मुळांशी ओतू नये. भुकटी मुळांना प्रत्यक्ष लागली पाहिजे, कारण ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. आळ्यात वरवर भुरभुरलेली भुकटी बहुतांशी वाया जाते. लावण्यापूर्वी वेटोळे झालेली तळाची मुळे धारदार पात्याने कापून मोकळी करावीत, अन्यथा कोणतीही बुरशी उपयोगी पडणार नाही.

ज्वारीचे ताट

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र माझ्या मते खड्ड्यात भुकटी टाकण्याची वेळ ही उशिराची वेळ आहे. मुळांत बुरशी नीट रुजायला काही आठवडे लागतात, तेव्हा ती रोप पिशवीत असतानाच, लागवडीच्या निदान दोन महिने आधी द्यावी.

ती घरीही वाढवता येते. एखाद्या निरोगी जुन्या कडुनिंबाखालची बारीक मुळांसह माती घ्यावी, कुंडीत वाळूत मिसळून तीत ज्वारी पेरावी, सुमारे तीन महिन्यांनी पाणी तोडून ताटे वाळू द्यावीत आणि वरचा भाग कापून मुळे मातीसकट बारीक करावीत. प्रत्येक पिशवीत रोपाच्या मुळांलगत यातील एक मूठ पुरते. रोगट झाडाखालची माती मात्र कदापि घेऊ नये.

हे इंदुरातून लिहिताना ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांचा उल्लेख करावासा वाटतो. 1924 ते 1931 या काळात ते येथील वनस्पती-उद्योग संस्थेचे संचालक होते आणि कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ त्यांनी येथेच विकसित केली. पुढे त्यांनी कंपोस्टच्या गुणाचा संबंध मुळांतील याच बुरशीशी जोडला. आपल्या गावच्या मातीतला हा वारसा आपण वापरायलाच हवा.

सावलीसाठी

एक सावधगिरी सुचवतो. चांगल्या शेतजमिनीत ही बुरशी मुळात असतेच, तिथे विकतच्या पाकिटाने फारसा फरक पडेलच असे नाही. आपल्या टेकडीवरचा वरचा थर वाहून गेलेला असल्यास तिथे ती विरळ असणार, म्हणून प्रयोग योग्य आहे. परंतु दहा रोपे बुरशीविना ठेवून तुलना करावी. पाकिटावर ट्रायकोडर्मा लिहिले असेल, तर ती वेगळी बुरशी आहे. ती मूळकूज आटोक्यात ठेवायला मदत करते, पण असे तंतूंचे जाळे जोडून देत नाही. तसेच खड्ड्यात दिसणारा पांढरा बुरा म्हणजे मायकोरायझा नव्हे, कारण या झाडांच्या मुळांतली बुरशी ओळखण्यासाठी मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात.

टेकडीवरचा करंज

सर्वांचे मनापासून आभार. डीएपी रद्द केले आहे आणि ज्वारीच्या कुंड्या याच आठवड्यात भरतो. जगलेल्या सदतीस रोपांसाठी आता काही करता येईल का?

काळी माती

अवश्य. चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की प्रत्येक रोपाच्या आळ्याच्या कडेला पहारीने तीन-चार वीतभर खोल भोके करावीत, बारीक मुळे लागतील तिथे भुकटी सोडून माती दाबावी आणि वर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. टँकरचे पाणी आठवड्यातून एकदाच मिळत असेल, तर ते संध्याकाळी आणि सावकाश द्यावे, म्हणजे ते उतारावरून वाहून न जाता खाली मुरेल आणि मुळेही त्याच्या मागोमाग खोल उतरतील.