अनुभव धागा: नवीन विंडोजवर जायचं की थांबायचं? तुम्ही काय ठरवलंत?

धागा सुरू करणारी, डोंबिवली

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद झाली. तेव्हापासून लॅपटॉप उघडला की पडद्यावर पाटी येते आणि मी ती बाजूला सारते. लॅपटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह. रॅम वाढवली, जुनी डिस्क काढून एसएसडी घातली, आजही खणखणीत चालतो. पण विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. माझा एकाच पिढीने मागे राहिला.

मी घरी बसून भाषांतरं करते. खरेदीखतं, मृत्युपत्रं, बक्षीसपत्रं, घटस्फोटाचे अर्ज. एखाद्या घरात वाटणीतून कोणाला वगळलं आहे हे त्या घरातल्या माणसांच्या आधी माझ्या लॅपटॉपला कळतं. त्यामुळे मला दोन्हीकडून धास्ती आहे. जुन्यावर राहिले तर नवी भोकं बुजवणारं कोणी नाही. नव्यावर गेले तर सुरुवातीलाच अकाउंट मागतात, आणि मशीन इथली कसलीकसली माहिती बाहेर पाठवतं. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून मिळते, पण त्यालाही मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लागतंच. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवलात तर फुकट, नाहीतर ३० डॉलर भरा.

कोणतं विंडोज चांगलं यावर इथे वाद नको. तुम्ही काय केलंत, तुमच्या मशीनवर कोणाचं काय ठेवलेलं आहे आणि पाऊल कशामुळे पुढे पडलं किंवा मागे आलं, तेवढं लिहा. दोन ओळी लिहिल्यात तरी चालेल.

फोर्ट, माल सोडवण्याचं काम

मी अपग्रेडच्या बाजूचा आहे, आणि त्याला कारण आहे. २७ जून २०१७, मंगळवार. आमचे कंटेनर न्हावा शेव्याच्या एका टर्मिनलमध्ये होते. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा हल्ला जगभर पसरला आणि त्या टर्मिनलचे कॉम्प्युटर बसले. कंटेनर आत आहे एवढं माहीत, पण कुठल्या रांगेत, कोणाच्या खाली, हे सांगायला यंत्रणाच नाही. माणसं पावसात कागद-पेन घेऊन नंबर उतरवत होती आणि बाहेर ट्रेलरची रांग लागली होती. माझ्या एका पार्टीचा माल कितीतरी दिवस अडकला. रोज सकाळी त्यांचा फोन यायचा आणि रोज माझ्याकडे तेच उत्तर असायचं.

ज्या भोकातून ते पसरलं त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिली होती. साडेतीन महिने आधी. हेही सांगितलं पाहिजे की मुळात ते शिरलं युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि एकदा आत आल्यावर पासवर्ड चोरून दुरुस्ती केलेल्या मशीनवरही गेलं. म्हणजे अपडेट लावलं की निर्धास्त, असं नाही. पण न लावता बसणं मला तरी परवडणारं नाही. ऑफिसात सात मशीन आहेत. चार चढवली, तीन बदलली.

लालबाग, डीटीपी

फोर्टच्या दादांचं पटतं, पण आमच्याकडे ते करता येत नाही. का, ते सांगते.

दुकानाला पंचवीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, तेराव्याची कार्डं. फायली सगळ्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या, आणि ते फॉन्टचं सॉफ्टवेअर चालतं डोंगलवर. यूएसबीला लावायचा बोटाएवढा प्लास्टिकचा तुकडा, आत लाल दिवा. दिवा लागला तर पडद्यावर मराठी उमटतं. नाही लागला तर 'श्री'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस.

दोन वर्षांपूर्वी एकाने आग्रह केला म्हणून विंडोज ७ काढून नवीन टाकलं. डोंगलचा ड्रायव्हर बसेना, दिवा लागेना. जुलै महिना, अहवालांचा हंगाम. तीन मंडळांचं काम अंगावर, आणि कार्यकर्ते रात्री अकराला दुकानात येऊन बसायचे. सहाव्या दिवशी जुनं विंडोज परत टाकून घेतलं तेव्हा दिवा लागला. तो लाल ठिपका बघून मी खुर्चीतच बसून रडले.

त्यानंतर दोन मशीन केली. जुन्याची लॅनची वायर काढली, वायफायचं कार्डसुद्धा खोलून काढून घेतलं. ते आता कशालाच जोडलेलं नाही. नवीन मशीनवर मेल आणि व्हॉट्सॲपवरची प्रुफं. मधे एकच पेनड्राइव्ह, तो नव्यावरून परत आला की आधी फॉरमॅट.

लोकांना वाटतं आमच्याकडे खाजगी असं काय असणार? वर्गणीदारांची यादी असते. अख्ख्या चाळीची. नाव, खोली नंबर, मोबाइल, कोणी किती दिले, कोणी दिले नाहीत. कोणाच्या घरी मयत झालं, कोणाच्या मुलीचं लग्न मोडून पत्रिका रद्द झाली, हेही असतं. ते सगळं त्या वायर काढलेल्या मशीनवर आहे.

जुन्या फायली युनिकोडमध्ये, म्हणजे डोंगलशिवाय कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, आणायचं काम थोडं थोडं चालू आहे. कन्व्हर्टर लावला की रफार सरकतो, 'कार्य'वरचा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, आणि प्रत्येक ओळ डोळ्यांनी तपासावी लागते. ते पुरं झालं की डोंगलची गरज संपेल. तोवर हे मशीन असंच.

कल्याण, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

मी पहिल्याच आठवड्यात विंडोज ११ टाकलं. गेम आणि कॉलेजची प्रोजेक्टं, एवढंच आहे माझ्याकडे. त्रास काही नाही. पण वरचं वाचल्यावर लक्षात आलं की बाबांचे पगाराचे आणि कर्जाचे कागदही याच लॅपटॉपमध्ये आहेत आणि मी त्यांना न विचारता सगळ्या प्रश्नांना 'हो' दाबलं होतं. आज रात्री दोघं मिळून सेटिंग्ज बघणार आहोत.

गोरेगाव, सिस्टिम ॲडमिन

डोंबिवलीच्या ताई, काय बाहेर जातं ते अंदाजाने ठरवू नका, डोळ्यांनी बघता येतं. 'डायग्नोस्टिक डेटा व्ह्यूअर' नावाचं मायक्रोसॉफ्टचंच ॲप आहे, विंडोज १० वरही चालतं. मी एक रविवार त्यात घालवला. सक्तीच्या माहितीत मशीनचं मॉडेल, कोणतं अपडेट बसलं, कोणतं आपटलं, असलं दिसलं. होम आणि प्रो आवृत्तीत एवढी माहिती जातेच, ती पूर्ण थांबवायची सोय एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये आहे.

तुमच्यासाठी महत्त्वाची आहे ती ऐच्छिक माहिती. ती चालू असेल तर कुठे कुठे ब्राउझ केलं तेही जाऊ शकतं. शिवाय मशीन कोसळलं तर त्या क्षणीच्या मेमरीची नोंद जाऊ शकते, आणि त्यात उघड्या फाइलचा तुकडा नकळत येऊ शकतो, असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून ठेवलं आहे. मृत्युपत्र उघडं असताना मशीन अडकलं, तर? म्हणून ती आजच बंद करा. सोबत जाहिरातींचा आयडी, टायपिंगची नोंद आणि 'टेलर्ड एक्स्पिरियन्सेस' (त्या माहितीवरून तुम्हाला सूचना-जाहिराती दाखवणं) हेही बंद करा. दहा मिनिटांचं काम आहे. मोठ्या अपडेटनंतर एकदा पुन्हा तपासायचं, मी तरी तपासतोच.

विलेपार्ले, निवृत्त शिक्षिका

मी नवाच लॅपटॉप घेतला. पहिल्यांदा चालू करताना पुण्याचा भाचा फोनवर होता. मी त्याला सांगितलं, घाई करायची नाही, प्रत्येक पडदा मी मोठ्याने वाचणार आणि तू त्याचा अर्थ सांगायचा. स्थान कळवू का, टायपिंग सुधारायला नमुने पाठवू का, जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवू का. मी वहीत डावीकडे प्रश्न लिहिला, उजवीकडे माझं उत्तर. जवळपास सगळी 'नाही' निघाली. 'माझा हरवलेला लॅपटॉप शोधा' याला मात्र 'हो' म्हटलं.

तरी एक निसटलंच. महिन्याभराने निरोप आला, क्लाउडवरची जागा भरली, पैसे भरा. मी तिथे काही ठेवलंच नव्हतं! डेस्कटॉपवरचं सगळं आपोआप वर चढत होतं. त्यात यांच्या आजारपणाचे रिपोर्ट होते, बायप्सीचे. ते मी मुलालासुद्धा अजून पूर्ण दाखवलेले नाहीत. मी थेट पुसायलाच निघाले होते, पण भाचा म्हणाला, मावशी थांब, वरचं पुसलंस तर इथलंही पुसलं जाईल. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलं, मग जोडणी तोडली, मग पुसलं. माझ्या वयाच्या कोणी हे वाचत असेल तर हाच क्रम ठेवा.

ठाणे, समुपदेशक

माझ्याकडे लोकांच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड गोष्टींची टिपणं असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने त्यांना गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण कायदा नसता तरी ज्याने माझ्यासमोर तोंड उघडलं त्याला मी शब्द दिलेला आहे.

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या 'रिकॉल' नावाच्या सोयीची घोषणा केली. दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे नंतर काहीही शोधता येईल. तेव्हाच मी ठरवलं की या रस्त्याला जायचं नाही. टीका झाल्यावर ते लांबवलं, आपण चालू केल्याशिवाय चालू होणार नाही असं केलं आणि एप्रिल २०२५ मध्ये आणलं. तरी सिग्नल या मेसेजच्या ॲपने मे २०२५ मध्ये आपली खिडकी त्या फोटोंपासून झाकायची सोय केलीच.

मी विंडोज सोडून लिनक्स मिंट या फुकट मिळणाऱ्या यंत्रणेवर गेले. आधी आठ दिवस पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं, आतल्या विंडोजला हात न लावता. मराठी फोनेटिक कीबोर्ड तिथल्या सेटिंगमध्येच मिळाला. बसवताना अख्खी डिस्क कुलूपबंद करण्याचा पर्याय येतो, तो घेतला. अडचण एकच राहिली. एका संस्थेचे वर्डमधले फॉर्म तिथल्या लिबर ऑफिसमध्ये (वर्डऐवजी वापरायचं सॉफ्टवेअर) उघडले की रकाने हलतात. ते मी हाताने भरून स्कॅन करते.

लॅमिंग्टन रोड, दुरुस्तीचं दुकान

ठाण्याच्या मॅडम, निर्णय तुमचा, पण इतरांसाठी एक सांगतो. रिकॉल फक्त कोपायलट प्लस नावाने येणाऱ्या नव्या लॅपटॉपवर आहे, त्याला वेगळी चिप लागते. जुना लॅपटॉप अपग्रेड केला म्हणून त्यात रिकॉल येत नाही. रोज दोन-तीन गिऱ्हाइकं हेच विचारत येतात.

दुसरी मागणी असते, "बसत नसेल तरी बसवून द्या." मशीन चालेल का याची विंडोज ११ ची तपासणी वगळून बसवता येतं, पेनड्राइव्ह तसा बनवता येतो. पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळेलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे मी आधी तोंडावर सांगतो. क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालवायची चोरटी युक्ती, मात्र मी टाकत नाही. तो चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तिथेच समजून जा.

खरी गोष्ट वेगळी आहे. गेल्या वर्षी एक बाई आल्या, गिरगावच्या. मिस्टर वारले होते, लॅपटॉप त्यांचा. मदरबोर्ड गेला होता, तो मी बदलला. चालू केला तर निळा पडदा: रिकव्हरी की टाका. ४८ आकडी. डिस्क कुलूपबंद होती, आणि ते कुलूप लागलंय हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून नव्याने बसवताना अकाउंटने आत गेलात की बऱ्याच मशीनवर हे आपोआप लागतं. चोरी झाली तर हेच कुलूप वाचवतं, म्हणून ते वाईट म्हणणार नाही. चावी मिस्टरांच्या अकाउंटमध्ये होती. अकाउंटचा ओटीपी मिस्टरांच्या मोबाइलवर जाणार, आणि तो नंबर बाईंनी दोन महिन्यांपूर्वी बंद केला होता. आत नातवाच्या बारशाचे फोटो होते, दुसरी प्रत कुठेच नाही. डिस्क मी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

आता माझ्याकडून विंडोज ११ बसवून नेणाऱ्या प्रत्येकाला मी काउंटरवर थांबवतो. कुलूप लागलं असेल तर ४८ आकडे त्यानेच स्वतःच्या हाताने कागदावर लिहायचे, मी समोर बसून ताडून बघतो, आणि तो कागद घरी रेशन कार्डाबरोबर ठेवायचा. गर्दी असली तरी.

ठाणे, समुपदेशक

चिपचं मला माहीत आहे, दादा. पण तीन-चार वर्षांनी मला नवा लॅपटॉप घ्यावाच लागेल, आणि तेव्हा घाईघाईत शिकायला लागू नये म्हणून आत्ताच सवय करते आहे. ४८ आकड्यांचं वाचून माझ्या डिस्कच्या पासवर्डचा लिफाफा बहिणीकडे दिला.

धागा सुरू करणारी, डोंबिवली

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. ठरलं ते सांगते.

एक नवं अकाउंट काढलं, ज्यात दुसरं काहीच नाही, आणि वर्षभराची मुदतवाढ घेतली. पैसे भरून, बॅकअप न देता. गोरेगावच्या दादांनी सांगितलेलं सगळं बंद केलं. ऑक्टोबरपर्यंत पैसे साठवून दुसरा लॅपटॉप घेईन.

पण लालबागच्या ताईंची यादी वाचल्यावर मी माझे फोल्डर उघडले. २०१४ पासूनच्या फायली. काम देऊन झालं, पैसे आले, आणि कागद माझ्याकडेच राहिले. त्या कोणत्या विंडोजवर ठेवायच्या याची काळजी करत होते, ठेवायच्या का हे स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. ज्या वकिलांकडून काम येतं त्यांना फोन केला. एका मृत्युपत्राचं विचारलं. ते म्हणाले, "अहो, ते आजोबा गेले, प्रोबेटही झालं. तुमच्याकडे अजून आहे ते?"

फोन चालू असतानाच, त्यांना सांगून, ती फाइल काढली. रिसायकल बिनमधूनही. मग बाकीच्यांची यादी त्यांना वाचून दाखवली. ज्या लागतील म्हणाले त्या पासवर्ड लावलेल्या बाहेरच्या डिस्कवर गेल्या, ती डिस्क कपाटात. २०१८ पर्यंतचं झालं आहे. पुढचे फोल्डर शनिवारी घेते.

अजून कोणाला लिहायचं असेल तर लिहा. छोट्या दवाखान्यात किंवा सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारं कोणी असेल तर नक्की.