खडकवासला कालवा: उन्हाळी आवर्तन टेलला पोचतच नाही, आमचा हक्क नेमका किती आणि मागायचा कुणाकडं?

टेलचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी हडपसरला राहतो, नोकरी इथंच, पण घरची शेती इंदापूर तालुक्यात, खडकवासला धरणातून निघणाऱ्या नवीन मुठा उजव्या कालव्याच्या पार टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. वडिलांनी उन्हाळ्यासाठी सात नंबर फॉर्म (पाण्याचा मागणी अर्ज) भरला, पाणीपट्टीची थकबाकी क्लिअर केली, आवर्तन (कालव्याला पाणी सोडायची पाळी) सुटल्याची बातमी पण पेपरला आली, आणि इकडं मी रोज ऑफिसला जाताना कालवा भरून वाहताना बघतोय अन् तिकडं आमच्या चारीत (शेताकडं येणाऱ्या छोट्या पाटात) नुसती ओल. मका वाळला. पाटकरी (पाणी वाटणारा कर्मचारी) म्हणतो वरूनच गेज, म्हणजे पाण्याची ठरलेली पातळी, मिळंना, वरचे म्हणतात आम्ही पूर्ण सोडलंय. मी स्वतः पुण्याचंच पाणी पितो त्यामुळं शहराचं तोडा असं माझ्या तोंडून निघणार नाही, पण प्यायचं पाणी काढून उरलेल्यात शेतकऱ्याचा वाटा कायद्यानं कुठं लिहिलाय का, की दरवर्षी मीटिंगमधे ठरेल तेच खरं? माहिती असेल त्यांनी प्लीज नीट सांगा.

निवृत्त_अभियंता:
आधी हिशोब बघा. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून उपयुक्त साठा साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट). पुणे महापालिकेचा करार होता 11.5 टीएमसीचा, आणि त्या बदल्यात शहरानं 6.5 टीएमसी सांडपाणी शुद्ध करून शेतीला परत द्यायचं अशी अट होती, त्यासाठीच मुंढव्याचा जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) बांधला, तिथून उचलून जुन्या कालव्यात म्हणजे बेबी कालव्यात सोडायचं. शहर वाढतच गेलं, 2017 ला 11 गावं हद्दीत आली, 2021 ला आणखी 23, त्या लोकांना पाणी द्यायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण धरण तेवढंच आहे. रब्बीचं आवर्तन आधी होऊन जातं, त्यामुळं शहराचा वापर वाढला की कात्री लागते ती उन्हाळी आवर्तनाला, आणि तिथंही पहिला मार टेलला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, 6.5 टीएमसी हे शहराचे उपकार नाहीत, तो शेतकऱ्याचा वाटा आहे आणि तो प्यायच्या पाण्याइतक्याच कडकपणे मोजला गेला पाहिजे, पाण्याच्या क्वालिटीसकट. बेबी कालव्याचं पाणी तुमच्यापर्यंत येणार नाही, पण हवेली-दौंडची तहान त्यावर भागली की नवीन कालव्यातलं पाणी पुढं सरकतं.

दौंडकर_पाणीवाला:
भावा तुला खरं सांगतो, सात नंबर भरला म्हणजे हक्क झाला असं नाही, तो मागणी अर्ज आहे. 2005 ला दोन कायदे झाले, एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा अन् दुसरा शेतकऱ्यांनी सिंचन चालवायचा, या दुसऱ्या कायद्यात पाणी वापर संस्थेला पाणी मोजून मिळतं, संस्थेच्या तोंडाशी गेज (मोजपट्टी) लावून, मग पीक कुठलं घ्यायचं ते आपण ठरवायचं. तुमच्या चारीवर संस्था आहे का, अन् असली तर चालू आहे का कागदावरच, ते आधी बघ. आणि सगळं पुण्यावर ढकलून पण चालणार नाही, कालवा 200 किलोमीटरच्या वर लांब, मधे किती मोटारी अन् सायफन पाइप टाकलेत ते रात्री काठानं फिरल्यावर कळतं, आमच्या दौंडात पण ऊस आहे अन् आमची पण माणसं हात मारतात. शेजपाळी (शेतांना ओळीनं पाणी द्यायचा क्रम) टेलकडून वर यायला पाहिजे, आमच्या चारीवर आम्ही ते धरून बसतो, भांडणं होतात पण शेवटच्या माणसाचं भिजतं.

सिंहगडरोडवासी:
शहरात पण सगळ्यांना धो धो पाणी आहे असं समजू नका, आमच्या सोसायटीला उन्हाळाभर टँकर लागतो. तरी गळतीचं मान्य. 27 सप्टेंबर 2018 ला दांडेकर पुलाजवळ कालवा फुटून वस्तीतली घरं वाहून गेली, तेव्हा कळलं शहरातून जाणाऱ्या कालव्याची हालत काय आहे. खडकवासला ते फुरसुंगी बोगदा मंजूर झालाय, त्यानं टेलला फरक पडेल का?

निवृत्त_अभियंता:
शहरातली गळती, चोरी आणि कचरा टळेल, म्हणजे फुरसुंगीला जास्त पाणी येईल. पण फुरसुंगीच्या खाली कालवा आहे तसाच, आणि वाचलेलं पाणी शेतीलाच जाईल हे आत्ताच लिहून घ्यायला हवं, नाहीतर तेही शहराकडं वळेल.

टेलचा_पोरगा:
संस्था आहे पण बंद पडल्यासारखीच. मग आता नेमकं काय करू?

निवृत्त_अभियंता:
माहिती अधिकारात त्या आवर्तनाचं रोजचं गेज रजिस्टर मागा, कालव्याच्या मुखाचं, तालुक्याच्या हद्दीवरचं आणि तुमच्या वितरिकेचं, तिन्ही. पाणी कुठं गायब होतं ते तारखेनिशी दिसेल. संस्थेची बैठक लावून ठराव करा, कोटा ठरलेला असून पाणी मिळालं नसेल तर प्राथमिक विवाद निवारण अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करता येते. आणि 15 ऑक्टोबरच्या साठ्यावर पुढचं नियोजन होतं, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती बसते, त्याच्या आधी हे आकडे तुमच्या आमदारांच्या हातात पाहिजेत.

दौंडकर_पाणीवाला:
रजिस्टर मिळालं की इथं टाक, आमच्या गेजशी ताळा करून बघू.