व्हीनस फ्लायट्रॅपची पाने काळी पडत आहेत. आणि रोपांच्या देवाणघेवाणीविषयी एक शंका

बाल्कनीतली बाग (कोथरूड):
जूनमध्ये रोपवाटिकेतून व्हीनस फ्लायट्रॅप या कीटकभक्षी वनस्पतीचे रोप आणले आणि माती, कोकोपीट व थोडे गांडूळखत घालून मोठ्या कुंडीत लावले. आमच्या सोसायटीत टँकरचे पाणी येते, तेच रोज घालतो. आता एकेक सापळा (कीटक पकडणारे पान) काळा पडत आहे. दुसरे असे, की एका परिचितांनी व्हीनसच्या फुटव्याच्या बदल्यात कासच्या पठारावरून आणलेली दवबिंदूची (ड्रॉसेरा, हीही कीटकभक्षी वनस्पती) रोपे देऊ केली आहेत. ती घ्यावीत का?

दलदल:
तुमच्या रोपाला उपासमारीने नव्हे, तर अतिपोषणाने त्रास होत आहे. ही वनस्पती मूळची अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना राज्यांतल्या आम्लधर्मी, नत्राचे प्रमाण अत्यल्प असलेल्या पाणथळ जमिनीतली. तिथे मुळांना जे मिळत नाही ते ती कीटकांपासून मिळवते, त्यामुळे खतातले आणि जड पाण्यातले क्षार तिच्या मुळांना सोसत नाहीत. रोप तातडीने काढून मुळे पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने धुवावीत आणि खत न मिसळलेले पीट (दलदलीतले कुजलेले शेवाळ) व परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांच्या मिश्रणात लावावे. कोकोपीटमध्ये अनेकदा मीठ असते, म्हणून मी ते टाळतो. पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) 50 पीपीएमच्या आत असावा. कुंडी बशीतल्या सेंटिमीटरभर पाण्यात ठेवावी आणि रोपाला भरपूर ऊन द्यावे.

डिसेंबर-जानेवारीत वाढ थांबून पाने आखूड झाली तर घाबरू नये. त्या काळात रोपाला विश्रांती हवी असते आणि पुण्यातल्या थंड रात्री त्यासाठी उपयोगी पडतात. रोप घरात आणू नये.

गच्चीवरची:
मुलांना बोटाने सापळे मिटवू देऊ नका. साधारण वीस सेकंदांत आतल्या केसांना दोनदा स्पर्श झाला की सापळा मिटतो, पण मोजक्याच वेळा मिटून तो निकामी होतो.

पावसाळी:
दवबिंदूची रोपे कृपया स्वीकारू नका. कास हे राखीव वन आहे, 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिथून रोप उपटणे हा गुन्हा आहे. त्याहून मला सलते ते असे, की आपल्या पठारांवरचा हा दवबिंदू एकाच हंगामाचा पाहुणा असतो; पावसात उगवतो, फुलतो, बी टाकतो आणि संपतो. बी पडण्याआधी तो उपटला तर कुंडीत तो फार तर काही आठवडे जगतो आणि पठारावर मात्र पुढच्या वर्षीची उगवणही घटते. मेघालयातल्या घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीचेही तसेच: ती सायटिस या वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात असल्याने तिच्या रानातून आणलेल्या रोपांना हात लावू नये. देवाणघेवाण करायचीच असेल तर ती घरी वाढवलेल्या रोपांची, बियांची किंवा फुटव्यांची करावी आणि समोरच्याला मूळ रोप कुठून आले हे निःसंकोच विचारावे. परदेशातून रोप किंवा बी मागवताना आयात परवाना व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, हेही ध्यानात असू द्यावे.

बाल्कनीतली बाग:
आभारी आहे. आज टँकरच्या पाण्याचा टीडीएस मोजला, तो 610 निघाला. रोप धुऊन पीटमध्ये लावले आहे. परिचितांना नकार कळवला. फेब्रुवारीत कुंडी बदलताना फुटवे निघाले, तर त्यांना एक बदल्यात काही न घेता देईन.